चिचुंद्री आणि सामायिक

व्यापारी घराण्यांना नात्यांचीही नोंद ठेवण्याची सवय असते. कोणाकडून काय आले आणि कोणाकडे काय गेले, हे वहीत नसले तरी मनात असते. लग्नातला आहेरसुद्धा लिहून ठेवला जातो आणि योग्य वेळी तोलामोलाने परत केला जातो. बार्शीच्या जुन्या बाजारपेठेतील एका किराणा-भुसार दुकानामागच्या खोलीत मात्र असे एक नाते जुळले, ज्याच्या जमा आणि नावे या दोन्ही बाजू अखेरपर्यंत कोऱ्याच राहिल्या. हे नाते होते ७८ वर्षांच्या बाईंचे आणि एका चिचुंद्रीचे.

बाई म्हणजे त्या घरातील वडीलधाऱ्या. सुना-नातवंडांपासून दुकानातल्या हमालांपर्यंत सारे त्यांना बाईच म्हणतात. पुढे दुकान, मागे वखार आणि वर राहते घर, अशी त्या वास्तूची जुनी रचना. गुडघे कुरकुरू लागल्यापासून बाईंना जिना चढवेना. तेव्हा थोरल्या मुलाने, ज्यांना सारी पेठ भाऊ म्हणून ओळखते त्यांनी, दुकान आणि वखार यांच्या मधली खोली झाडून-सारवून बाईंसाठी मोकळी करून दिली. खाली शहाबादी फरशी, एका भिंतीत कोनाडा, दुसरीत रस्त्याकडची जाळी आणि कोपऱ्यात मोरी. बाईंना तेवढे पुरेसे होते.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून बाई चौविहार घेत आणि मग आसन टाकून सामायिकाला बसत. शेजारी पूंजणी, मुखवस्त्रिका आणि वाळूची घटिका. ही घटिका त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. तिच्यातील वाळू वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात यायला बरोबर ४८ मिनिटे लागत. खोलीत दिवा नसे. जाळीतून येणारा रस्त्यावरचा उजेड तेवढा फरशीवर पडलेला असे. पन्नासहून अधिक वर्षे बाईंचा हा नेम चुकला नव्हता. बाळंतपण, लग्नकार्य, अगदी यजमानांच्या निधनानंतरचे दिवस, या साऱ्यांतून तो तसाच चालत आला होता.

उन्हाळ्याच्या आरंभी एका संध्याकाळी मोरीच्या बाजूने एक बारीक, तुटक आवाज आला. चिक्... चिक्... चिक्. पाठोपाठ उग्र दर्प आला. करड्या रंगाचे, लांब नाकाचे, वीतभरही नसलेले एक जनावर भिंतीला अंग घासत पुढे सरकत होते. बाईंच्या अंगावर शहारा आला. चिचुंद्री! घरात ती निघाली की झाडू घेऊन मागे लागायचे, हेच त्यांनी माहेरी आणि सासरी पाहिले होते. पण सामायिकात झाडू कसा घ्यायचा? त्या जागच्या जागी स्थिर राहिल्या. चिचुंद्री भिंत सोडून कुठे गेली नाही. कोनाड्याखालून, दाराच्या फटीतून ती वखारीकडे नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. बाईंना वाटले, हा माझ्या समभावाचा कस आहे. पहिले काही दिवस त्यांनी तो कस म्हणूनच सोसला. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागले की या जीवाला जवळजवळ दिसतच नाही. डोळे मोहरीएवढे. सारा व्यवहार नाकावर आणि मिशांवर. चार पावले जायचे, नाक उचलून हवा हुंगायची, पुन्हा चार पावले. एकदा वाटेत बाईंच्या आसनाचा कोपरा आला, तेव्हा तिने तो सर्व बाजूंनी हुंगला, वळसा घातला आणि पुन्हा भिंत धरली. बाईंच्या मनात आले, आपणही रात्री उठलो की असेच भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जातो.

त्या दिवसापासून किळस गेली. दर्प तोच होता. पण आता तो तिच्या येण्याची वर्दी वाटू लागला. ती साधारणपणे सामायिकाच्या मध्यावर येई. एखाद्या संध्याकाळी ती आली नाही तर बाईंना चुकल्याचुकल्यासारखे होई, आणि सामायिक पाळल्यावर त्या स्वतःलाच रागावत की ध्यान कुठे होते.

दहा वर्षांच्या नातीला हे कळले तेव्हा ती बिस्किटाचा तुकडा घेऊनच आली. बाईंनी तिला थांबवले. "नको बाळ. ती माझ्याकडे काही मागायला येत नाही. तिच्या वाटेने ती जाते, माझ्या जागी मी बसते. तिने मला भिऊ नये आणि मी तिला भिऊ नये, एवढेच पुष्कळ आहे."

शाळेत शिकलेले नातीच्या ध्यानात होते. तिने बाईंना सांगितले की चिचुंद्री ही उंदराच्या जातीची नाहीच. ते खरेही आहे. १७६६ साली लिनियसने तिची शास्त्रीय नोंद केली तेव्हा दिलेल्या नावात 'उंदरासारखी' असा अर्थ आला, आणि रूपावरून लोकांनीही तिला उंदरातच जमा धरले. वस्तुतः ती कीटकभक्षी प्राण्यांपैकी आहे. साळिंदराला नव्हे, तर चिमुकल्या काटेरी जाहकाला ती अधिक जवळची. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे असतात आणि आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. चिचुंद्रीचे दात अणकुचीदार असतात. झुरळे, रातकिडे आणि अळ्या हे तिचे मुख्य खाद्य. तिच्या शरीराचा व्यवहार इतका वेगवान असतो की थोड्याथोड्या वेळाने तिला खावे लागते. फार काळ उपाशी राहणे तिला जमत नाही.

पेठेतील काही जुनी मंडळी चिचुंद्रीला लक्ष्मीची पावले मानतात. तैवानमध्ये आणि दक्षिण चीनमध्येही तिचा आवाज नाण्यांच्या खुळखुळाटासारखा मानतात आणि 'पैशांचा उंदीर' अशा अर्थाच्या नावाने तिला ओळखतात. शेजारच्या कापड दुकानातील शेठजींनी "बाई, तुमच्याकडे लक्ष्मी फिरते" असे म्हटले तेव्हा बाई हसल्या. "लक्ष्मी म्हणून तिला राहू द्यायचे आणि लक्ष्मी नाही म्हणून हाकलायचे, हा तर सौदा झाला. ती जीव आहे, एवढे कारण पुरे नाही का?"

आषाढात मात्र दुकानात तक्रार सुरू झाली. तूरडाळीच्या पोत्यांना भोके पडू लागली. गुळाच्या ढेपा कुरतडलेल्या दिसू लागल्या. दोन महिन्यांत १४ पोती उकलून पुन्हा भरावी लागली आणि सांडलेला माल चाळून घ्यावा लागला. भाऊ हिशेबाला पक्के. तूट कुठून येते याचा शोध त्यांना हवा होता. एका सकाळी हमालाने वखारीत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री पाहिली आणि शोध तिथेच संपला. चोर सापडला, असे सर्वांनी धरले. कोणी साक्ष तपासली नाही.

दुकानाच्या फळीवर उंदीर पकडण्याच्या चिकट पुठ्ठ्यांची पेटी होतीच. वर्षभरापूर्वी एका कंपनीचा विक्रेता ती ठेवून गेला होता. जैन दुकानदारापुढे काय बोलावे हे त्याला चांगले माहीत होते. तो म्हणाला होता, "शेठ, यात विष नाही, की फास नाही. हे मारत नाही, फक्त धरून ठेवते." भाऊंना ते पटले होते. त्याच फळीवर मागच्या बाजूला उंदीर मारण्याच्या औषधाच्या पुड्याही होत्या. गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवलेल्या, पण त्या हातात घेताना भाऊंना नेहमी अवघडल्यासारखे होई. पुठ्ठे विकताना तसे होत नसे. आता आपल्याच दुकानातले चार पुठ्ठे त्यांनी वखारीत भिंतीच्या कडेला मांडले. घरात कोणाला सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नाही.

श्रावणातल्या त्या संध्याकाळी पावसाची झड लागली होती. बाई सामायिकाला बसल्या होत्या. चिचुंद्री नेहमीसारखी मोरीतून आली, आसनाला वळसा घालून दाराच्या फटीतून पलीकडे गेली. काही क्षणांतच वखारीतून एक तीक्ष्ण किंकाळी आली. मग दुसरी, मग न थांबणारा चीत्कार.

बाईंनी घटिकेकडे पाहिले. वाळू अर्धीअधिक वरच होती. सामायिकातून मध्येच उठायचे नसते, दिवा लावायचा नसतो, संसाराचे काही बोलायचे नसते. या मर्यादा कोणी त्यांच्यावर लादलेल्या नव्हत्या, त्यांनी स्वतः रोज हात जोडून घेतलेल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून नवकार म्हणायला सुरुवात केली. आवाज थांबेना. मांजर असते तर एव्हाना सारे शांत झाले असते. हा आवाज मरणाऱ्याचा नव्हता, अडकलेल्याचा होता.

किती वेळ गेला हे बाईंना पुढेही सांगता आले नाही. शेवटी त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या, वखारीचे दार ढकलले आणि नातवंडांना हाका मारल्या. पन्नास वर्षांत प्रथमच त्यांचे सामायिक मोडले.

दिवा लागला तेव्हा पुठ्ठ्यावर चिचुंद्री आडवी पडली होती. चारही पाय, पोट आणि डावी कूस डिंकात रुतली होती. सुटण्यासाठी जितकी धडपड करावी तितकी ती अधिक रुतत होती. नाकाचे टोक तेवढे तिने उचलून धरले होते. मुलीला रडू कोसळले. गल्ला मिटवून भाऊही आत आले. "बाई, तुम्ही कशाला उठलात? सकाळी हमाल टाकून देईल."

बाईंनी विचारले, "कुठे टाकून देईल?"

भाऊ गप्प राहिले. त्यांनी आजवर ते कधी विचारले नव्हते. पुठ्ठा दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकतात, एवढे त्यांना ठाऊक होते. दुमडताना आतला जीव जिवंत असतो, हेही खरे तर ठाऊक होते. पण त्या विचारापाशी मन कधी थांबले नव्हते.

मोठ्या नातवाने ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी सांगितले त्याप्रमाणे हाताला जाड फडके गुंडाळून, पुठ्ठ्याच्या मोकळ्या चिकट भागावर कागद दाबून बसवला, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटू नये. मग दुकानातले शेंगदाण्याचे तेल किंचित कोमट करून कापसाने एकेका पायाच्या कडेने थेंबथेंब सोडायला सुरुवात झाली. ओढायचे नाही, तेल आपोआप आत जाऊ द्यायचे. एक पाय सुटायला पाच-सहा मिनिटे लागत होती. चिचुंद्री घाबरून उग्र दर्प सोडत होती, फडक्याला चावत होती. पण कोणी नाकाला पदर लावला नाही. डोक्याकडच्या केसांना तेल लावताना सुनबाईंना एकदम छछूंदरीच्या डोक्यावरच्या चमेलीच्या तेलाची म्हण आठवली आणि त्या ताणातही सर्वांना हसू आले. अर्ध्या-पाऊण तासाने डावी कूस मोकळी झाली. तेवढ्या जागचे केस मात्र डिंकातच राहिले आणि कातडी लालसर दिसू लागली.

पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने सुती कापड घालून तिला ठेवले. झाकणात थोडे पाणी दिले. आता प्रश्न आला खाण्याचा. डॉक्टरांनी बजावले होते की दूध देऊ नका आणि फार वेळ उपाशी ठेवू नका. ती किडे खाणारी आहे. घरातील सर्वजण एकमेकांकडे पाहू लागले. एका जीवाला वाचवायचे आणि त्याच्यासाठी दुसरे जीव पकडून आणायचे, हे त्या घरात शक्य नव्हते. भाऊ थोड्या उपहासाने म्हणाले, "म्हणजे जिला वाचवले ती उद्या झुरळे खाणारच."

बाईंनी शांतपणे उत्तर दिले. "तिचे कर्म तिच्याजवळ. तिने काय खावे हे मी ठरवत नाही. माझ्या घरातल्या डिंकाने तिने मरावे, हे मात्र माझ्याजवळ येते. आपल्याला जेवढे आवरता येते तेवढे आपले." अंग कोरडे होऊन ती कापडाखाली फिरू लागली, तेव्हा त्याच रात्री खोके मोरीपाशी उघडून ठेवले. सकाळी ते रिकामे होते. उरलेले तीन पुठ्ठे बाईंनी रात्रीच उचलून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी नातवाचा हात धरून बाई स्थानकात गेल्या. चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे त्यांनी सामायिक मोडल्याची आलोचना केली आणि प्रायश्चित्त मागितले. साध्वीजींनी सारी हकीगत ऐकून घेतली आणि प्रायश्चित्त दिले. मग क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "सामायिक राहिले, त्याचे प्रायश्चित्त तुम्ही घेतलेत. दुकानातल्या त्या फळीचे प्रायश्चित्त कोण घेणार?"

व्याख्यानात त्यांनी त्या दिवशी मेघकुमाराची कथा घेतली. ज्ञाताधर्मकथेतील ही कथा घराघरांत माहीत आहे. पूर्वभवात मेघकुमार हत्ती होता. वणवा पेटला तेव्हा रानातले सारे प्राणी त्याने मोकळ्या केलेल्या जागेत दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी त्याने एक पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा मरेल म्हणून अडीच दिवस हत्ती तीन पायांवर उभा राहिला. साध्वीजींनी लक्ष वेधले ते एका साध्या गोष्टीकडे. हत्तीने सशाला खायला घातले नाही, पाळले नाही, त्याला ओळखही विचारली नाही. त्याने फक्त पाय खाली ठेवला नाही. अभयदान ते हेच.

त्या संध्याकाळी बाईंनी प्रतिक्रमण भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात केले. पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांपाशी त्या थांबल्या. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपान-विच्छेद. हे शब्द लहानपणापासून त्यांच्या तोंडी होते. बंध म्हणजे जीवाला बांधून टाकणे. छविच्छेद म्हणजे त्याचे अंग वा कातडी तोडणे. भक्तपान-विच्छेद म्हणजे त्याचे अन्नपाणी तोडणे. बाई भाऊंना म्हणाल्या, "फक्त धरून ठेवते, असे तो माणूस तुला म्हणाला ना? अरे, मारणे हा एक दोष. धरून ठेवणे हा वेगळा दोष, उपाशी-तहानलेले ठेवणे हा त्याहून वेगळा. शास्त्रकारांनी हे आधीच वेगळे मांडून ठेवले आहे. आपण रोज म्हणतो, अर्थ मात्र विक्रेत्याकडून घेतो."

भाऊ काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी उपासकदशांगातील आनंद श्रावकाचे प्रकरण काढून वाचले. वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती हाही मोठा धनिक होता. त्याने व्यवहार सोडला नाही, त्याला मर्यादा घातली. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी तिथेच येते आणि तीत विषवाणिज्य स्पष्ट शब्दांत आहे. पुड्या हातात घेताना होणाऱ्या अवघडलेपणाला शास्त्रात नाव आहे, हे भाऊंना नव्याने जाणवले.

तरीही व्यापारी माणूस भावनेच्या भरात फळी रिकामी करत नाही. भाऊंनी आधी तपास केला. वखारीतली पोती हलवली. पोत्यांमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, कडक लेंड्या सापडल्या. त्या उंदरांच्या होत्या. भोकांच्या कडांवर पटाशीच्या दातांच्या जोडखुणा होत्या. पाण्याच्या नळाभोवती भिंतीत बोटभर फट होती आणि शटरखाली एका बाजूला उजेड दिसत होता. घरातल्या लहान उंदराला जेमतेम सहा मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी, फट पुरते. चिचुंद्रीने डाळीच्या एकाही दाण्याला तोंड लावले नव्हते. उलट वखारीतल्या झुरळांवरच ती जगत होती. ज्याच्यावर दावा लावला तो निर्दोष होता आणि खरा दोष भिंतीतल्या फटीचा होता.

मग कामे निघाली. नळाभोवतीची फट तारेचा काथ्या ठासून वर सिमेंटने बुजवली. शटरच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी बसवली. वखारीच्या जाळ्यांवर बारीक विणीची तारेची जाळी आली. पोती भिंतीला टेकवून रचण्याची जुनी सवय मोडली. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडून थप्प्या लावल्या, म्हणजे मागे झाडता येते आणि लपायला जागा उरत नाही. गूळ आणि फुटकळ डाळी पत्र्याच्या डब्यांत गेल्या. हमालांना रोज संध्याकाळी सांडलेले दाणे गोळा करण्याचे काम लावून दिले. मोरीची वाट तेवढी त्यांनी बाईंना विचारून तशीच ठेवली. दिवाळीपर्यंत पोत्यांची भोके जवळजवळ थांबली.

फळीवरच्या मालाचा प्रश्न अधिक अवघड होता. विक्रेता माल परत घ्यायला तयार होता. भाऊंनी विचार केला, परत दिला तर हाच माल समोरच्या दुकानातून विकला जाईल. आपले हात तेवढे धुतले जातील. त्यांनी सर्व पुठ्ठे आणि पुड्या निकामी करून टाकल्या आणि २,३४० रुपये नुकसान खाती लिहिले. दिवाणजींनी तपशील काय लिहायचा म्हणून विचारले. भाऊ म्हणाले, "तपाशिलात लिहा, चुकीची खरेदी."

गिऱ्हाईक विचारते, "शेठ, उंदराचे काही नाही का?" भाऊ आता जाळीचा पिंजरा दाखवतात, सकाळी लवकर बघून उंदीर दूर सोडायला सांगतात आणि आधी घरातली फट शोधा म्हणतात. काही गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जातात. तेवढी विक्री गेली, हे भाऊ मान्य करतात. डासांच्या अगरबत्त्या आणि झुरळांचे फवारे अजून फळीवर आहेत. त्यांचे काय, असे नात विचारते तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नसते. बाई त्यासाठी घाई करत नाहीत. ज्याची किंकाळी ऐकू आली तेवढे तरी सुटले, असे त्या म्हणतात.

ज्या गोष्टीकडे या घराचे लक्ष एका किंकाळीने गेले, तिच्याकडे जगाचेही लक्ष जाऊ लागले आहे. न्यूझीलंडने २०१५ पासून चिकट पुठ्ठ्यांच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आणले. इंग्लंडने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्या देशात प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे; त्याच्या आधारे भारतीय पशुकल्याण मंडळाने राज्यांना परिपत्रके पाठवली आणि अनेक राज्यांनी या पुठ्ठ्यांवर बंदीचे आदेश काढले. ज्या समाजाने पांजरपोळी उभारल्या, त्याने मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पांजरपोळीला धनादेश देणारा हात आणि फळीवरून पुठ्ठा उचलून देणारा हात एकच असेल, तर खतावणीत कुठेतरी चूक आहे, एवढे कोणत्याही व्यापाऱ्याला कळते.

किंकाळीच्या रात्रीनंतर आठ-दहा दिवस चिचुंद्री दिसली नाही. बाई रोज बसत, वाळू सरत जाई, मोरीकडून आवाज येत नसे. तिला आतून काही इजा झाली असेल, असे सर्वांनी मनाशी धरले. बाईंनी त्याबद्दल बोलणे टाळले.

मग एका संध्याकाळी तो ओळखीचा दर्प आला. भिंतीकडेने चिचुंद्री येत होती. डाव्या कुशीवर केस नसलेला रुपयाएवढा डाग होता, म्हणजे तीच. पण तिची लांबी काही केल्या संपेना. जाळीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ती आली तेव्हा बाईंना दिसले की तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लाने तोंडाने घट्ट धरले आहे, त्या पिल्लाला दुसऱ्याने, दुसऱ्याला तिसऱ्याने, तिसऱ्याला चौथ्याने. आई वळली की सारी रांग वळे, आई थांबली की सारी रांग थांबे. चिचुंद्री आपली पिल्ले जागा बदलताना अशीच नेते. आसनाच्या कोपऱ्यापाशी ती थांबली, नेहमीसारखे नाक उचलून हुंगले, वळसा घातला आणि पाच जीव एका ओळीत दाराच्या फटीतून गेले.

बाईंनी हिशेब केला. त्या रात्री ही पिल्ले एक तर तिच्या पोटात होती, नाही तर कुठेतरी बिळात डोळे मिटून तिची वाट पाहत होती. पुठ्ठ्यावर एक जीव दिसत होता. अडकले होते पाच. त्या संध्याकाळी मात्र बाई जागच्या हलल्या नाहीत. वाळूचा शेवटचा कण पडेपर्यंत बसल्या, मग विधिपूर्वक सामायिक पाळले आणि मगच सर्वांना बोलावून सांगितले.

पर्युषणात संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर प्रथेप्रमाणे सर्वांनी एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् केले. भाऊंनी बाईंच्या पाया पडून क्षमा मागितली, धाकट्या भावाची मागितली, हमालांची मागितली. मग ते खाली वखारीत गेले. नात मागोमाग गेली होती, म्हणून हे घरात कळले. नव्याने रचलेल्या थप्प्यांच्या मागे, भिंत आणि पोती यांच्यामध्ये सोडलेल्या त्या हात-दीड हात रिकाम्या जागेपुढे ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तिथे त्या वेळी कोणीही नव्हते.

पिल्ले मोठी होऊन कुठे गेली, हे कोणाला माहीत नाही. कुशीवर डाग असलेली चिचुंद्री पुढे कधी येई, कधी येत नसे. त्या घराने तिला काही दिले नाही आणि तिनेही त्या घराला काही दिले नाही. बाई रोज संध्याकाळी आसन टाकताना मात्र ते भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टाकतात. वाट मोकळी असावी, म्हणून.